उपासातलं दूध

वदादच्या खुर्चीला हात होते. चर्चच्या मागच्या खोलीत बाकी सगळ्या बायका चटईवर बसायच्या आणि ती एकच हातांची लाकडी खुर्ची भिंतीवरच्या देवदूताच्या चित्राखाली असायची. उपासाचा कियाहक महिना लागला, की दर बुधवारी दुपारची भांडी आटोपून बायका तिथे जमायच्या आणि वदाद त्या खुर्चीत बसून त्यांना लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय वाचून दाखवायची. एकेका आठवड्याला एकेक भाग. आधी म्हाताऱ्या जखऱ्याला देवदूत भेटतो तो, मग मरीयेला भेटतो तो, मग मरीया आपल्या नात्यातल्या अलीशिबेच्या घरी जाते तो, आणि शेवटी त्या अलीशिबेला उतारवयात मुलगा होतो तो. ख्रिस्तजन्माच्या सणाला नुसतं घर झाडून भागत नाही, मनही झाडावं लागतं, असं चर्चचे धर्मगुरू अबूना बिगूल म्हणायचे. आणि गावातल्या बायकांच्या मनावर फिरवायचा झाडू गेली कित्येक वर्षं वदादच्याच हातात होता.

ती वाचायची एका सुरात, मध्ये न थांबता, गिरणीतून पीठ पडावं तशी. बायका ऐकायच्या, जांभया द्यायच्या. म्हातारी उम्म फानूस तर जखऱ्या देवळात शिरायच्या आत घोरायला लागायची. पण तिच्या वयाच्या बायकांत वाचता येणारी वदाद एकटीच, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. वाचन झालं, की बायका तिच्याकडे बघून “देव तुझा आवाज राखो, उम्म अय्याद,” म्हणायच्या. उम्म म्हणजे आई, आणि अय्याद तिचा थोरला. तो कुवेतला, धाकटाही तिथेच. सणाला त्यांचे फोन येत. बाकी वर्षभर वदादला आपलं म्हणावं असं काही होतं, तर ती खुर्ची.

आणि मग जाऊ आली.

वदादचा दीर गत्तास इतकी वर्षं कैरोत होता. त्याला जवळच्याच साखर कारखान्यात काम मिळालं आणि तो बायकोला घेऊन घरच्या वरच्या मजल्यावर राहायला आला. बायको फेब्रोनिया, चाळिशी उलटलेली, मूलबाळ नाही. कैरोतल्या शुब्र्याला ती चर्चच्या मुलांना शिकवायची. पहिल्याच रविवारी अबूनांनी तिला ‘तासोनी’ अशी हाक मारली. तासोनी म्हणजे ताई, पण ती साधी हाक नव्हे, तो मान असतो. वदादला इतक्या वर्षांत कुणी चुकूनही तासोनी म्हटलं नव्हतं. तिच्या पोटात तेव्हाच पहिल्यांदा दुखलं.

कियाहकच्या पहिल्या बुधवारी अबूना म्हणाले, “उम्म अय्याद वाचेल आणि तासोनी फेब्रोनिया जरा समजावून सांगेल.”

समजावायचं काय त्यात? वदादनं वाचलं. मग फेब्रोनियानं चटईवरच बसून बायकांना विचारलं, “जखऱ्यानं देवदूतावर विश्वास ठेवला नाही म्हणून त्याची वाचा गेली. नवरा इतके महिने गप्प! अलीशिबेला कसं वाटलं असेल?”

“सण वाटला असेल!” उम्म फानूस म्हणाली. ती जागी होती.

खोलीभर हसू फुटलं. मग कुणी म्हणालं, नाही गं, भीतीही वाटली असेल. कुणी आपल्या मुक्या दिराची गोष्ट सांगितली आणि सांगता सांगता रडली. चहा झाला तरी बायका उठेनात. वदाद खुर्चीत बसून होती आणि तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. 

दुसऱ्या बुधवारी ती मुद्दाम लवकर आली आणि पुस्तक उघडून बसली. उम्म फानूसनं आत येता येताच सांगितलं, “आज वाचूही दे की तिलाच. तू दमतेस.”

“मी कशानं दमते?”

“मग आम्ही दमतो,” उम्म फानूस म्हणाली. जिभेला हाड नसलेली बाई.

वदाद उठली. फेब्रोनिया “नको, जाऊबाई, तुम्हीच बसा,” असं म्हणत राहिली, पण बायकांनी तिला हाताला धरून खुर्चीत बसवलंच. तिनं वाचलं. देवदूत बोलताना तिचा आवाज एक व्हायचा, मरीया बोलताना दुसरा, आणि मरीयेनं ‘हे कसं व्हावं?’ असं विचारलं तेव्हा ती क्षणभर थांबली, जणू उत्तर तिलाही ठाऊक नाही. वदाद चटईवर भिंतीला टेकून बसली होती. वाचन चांगलं होतं, आणि तेच तर तिला सोसवत नव्हतं. वाईट असतं तर तिनं जावेवर माया केली असती.

त्या दिवसापासून वदादचं लक्ष वरच्या मजल्याकडे लागलं. वर खुर्ची सरकली तरी तिला इथे खाली ऐकू यायचं. गत्तास गॅसची टाकी स्वतः खांद्यावर घेऊन जिना चढतो, बायकोला साधी पाण्याची बादली उचलू देत नाही, हे तिनं पाहिलं. राणीच करून ठेवलीय, ती मनात म्हणाली. फेब्रोनिया हल्ली घोळदार झगे घालते, गच्चीवर कपडे वाळत घालायला जात नाही, हेही पाहिलं. शहरातला आळस. आणि एका सकाळी तिला त्याहून मोठं काही सापडलं.

शेजारची हमीदा डोक्यावरच्या पदराआड छोटी किटली धरून जिना चढत होती. हमीदाकडे म्हैस होती.

“काय गं, कुठे?”

“वर. तुझ्या जावेकडे. रोजचं दूध.”

“दूध?” वदादचे डोळे मोठे झाले. “आमचा उपास चालू आहे, ठाऊक नाही तुला?”

“तुमच्या उपासाचं मला काय ठाऊक, उम्म अय्याद? मला म्हशीचं ठाऊक.” हमीदा हसून वर गेली.

सणापर्यंत दूध नाही, अंडी नाहीत, मांस नाही. मासळी तेवढी चालते. लहान पोरंसुद्धा काळी काकवी आणि तीळकूट पावाला लावून दिवस काढतात. आणि ही, जिच्या तोंडून देवदूत बोलतो, ही रोज ताजं दूध पिते! त्याच दुपारी वरून अंडं तळल्याचा वास आला. वदाद जिन्याच्या पायथ्याशी उभी राहून तो वास घेत राहिली. गेल्या दोन आठवड्यांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

ती सरळ उम्म फानूसकडे गेली. म्हातारी दारात बसून घेवड्याचे दाणे निवडत होती. वदाद शेजारी बसली आणि आपणही निवडू लागली.

“मला तर बाई बोलवत नाही,” ती म्हणाली.

“मग बोलू नकोस,” म्हातारी म्हणाली आणि हातातलं सूप खाली ठेवून तिच्याकडे वळली.

वदाद खोटं काहीच बोलली नाही. किटली पाहिली, किटली सांगितली. वास आला, वास सांगितला. फक्त शेवटी एवढं जोडलं, “दुसऱ्यांची मनं झाडणारीच्या घरात काय आहे, ते बघायला नको का कुणी?” संध्याकाळपर्यंत ही गोष्ट कालव्याच्या पलीकडच्या घरांतही पोचली होती.

रविवारी मिस्साबलिदानात, एकमेकांना शांतीचं वंदन करा, असं वेदीजवळच्या सेवकानं सांगितल्यावर बायकांनी शेजारणीच्या तळहाताला तळहात लावून तो आपापल्या ओठांना लावला. वदाद आधीच खांबामागे सरकली होती. फेब्रोनियाचा हात तिच्या दिशेनं पुढे आला, जरा वेळ तसाच राहिला आणि मग मागे गेला. कुणाशी मनात वाकडं असेल तर आधी ते मिटवावं आणि मगच प्रभुभोजन घ्यावं, एवढं वदादला कळत होतं. म्हणून त्या दिवशी तिनं प्रभुभोजन घेतलं नाही. फेब्रोनियानं घेतलं, आणि सगळ्या बायकांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं.

बाहेर अंगणात उम्म फानूसनं तिला गाठलं. “तासोनी, एक विचारू? तुमच्या शुब्र्यात उपासाला अंडं चालतं का गं?”

कुणीतरी फिसकन हसलं. “आणि म्हशीचं दूध?” दुसरीनं विचारलं. “का शहरातली म्हैसही उपासाची असते?”

फेब्रोनियाचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं एकदा वदादकडे पाहिलं. वदादनं शालीचं टोक सारखं केलं. “मला क्षमा करा, आयांनो,” एवढंच फेब्रोनिया म्हणाली आणि गत्तासची वाट न बघता एकटीच घराकडे चालू लागली, सावकाश, एक हात कंबरेवर ठेवून.

सोमवारी अबूनांनी वदादला बोलावलं. शाबासकी मिळेल असं नाही, पण निदान ‘बरं झालं सांगितलंस’ एवढं तरी ते म्हणतील, असं तिला वाटलं होतं.

“तिला उपासातून मी मोकळीक दिली आहे,” अबूना म्हणाले. त्यांच्या दाढीआडचे ओठ घट्ट मिटलेले होते. “का दिली, ते कुणाला सांगायचं की नाही, हे तिनं ठरवायचं. तुला त्या जिन्यावर चौकीदार कुणी नेमलं होतं?”

“मी खोटं नाही बोलले, अबूना.”

“खरं बोलून आग लावता येते, उम्म अय्याद. ती आता बुधवारी येणार नाही म्हणते. तूच वाच.” ते उठले. “आणि एकदा ते घरी वाच. बायकांसाठी नव्हे. स्वतःसाठी.”

खुर्ची परत मिळाली होती. रस्त्यानं येताना वदादनं मनाला सांगून पाहिलं, की आपल्याला वाईट वाटलं पाहिजे. थोडं वाटलंही. पण त्याच्या खालून आनंद वर येतच राहिला. आजारी असेल, तिनं ठरवलं. साखर, रक्तदाब, काहीतरी. बरी होईल. तोपर्यंत आपण वाचू.

दुसऱ्या दिवशी नवरा शेतावर गेल्यावर ती उन्हात अंगणात पुस्तक घेऊन बसली. तिसऱ्या आठवड्याचा भाग तिला सगळ्यात आवडायचा. मरीया डोंगराकडच्या गावी लगबगीनं जाते, म्हाताऱ्या अलीशिबेच्या दारात उभी राहते, आणि तिचा आवाज ऐकताच अलीशिबेच्या पोटातलं बाळ उसळतं. मोठी धाकटीला म्हणते, माझ्या प्रभूची आई माझ्याकडे आली, हे भाग्य माझं कुठलं? वदाद तिथे अडखळली. मोठी बाई धाकटीला असं म्हणते. तिच्याहून वरचढ धाकटीला. तिच्या पोटात जराही दुखत नाही. इतकी वर्षं वाचून हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

तिला राग आला. अलीशिबेचं काय जातंय, ती मनात म्हणाली, तिला स्वतःला मिळालं होतं ना सगळं! कधी मिळालं ते बघायला तिनं पानं मागे उलटली, पहिल्या आठवड्याच्या भागाशी आली आणि बोट ठेवून वाचू लागली. त्यानंतर अलीशिबा गरोदर राहिली, आणि पाच महिने तिनं आपल्याला लोकांपासून लपवून ठेवलं.

वदादचं बोट तिथेच थांबलं.

घोळदार झगे. गॅसची टाकी. गच्चीवर न जाणं. कंबरेवर ठेवलेला हात. दूध.

हे वाक्य ती दरवर्षी त्या खोलीत मोठ्यानं वाचत आली होती. तिला ते पाठ होतं. आणि ते तिच्याच डोक्यावर, वरच्या मजल्यावर, पायांनी चालत होतं तेव्हा तिनं त्याला आळस म्हटलं होतं.

ती उठली. जिना तिच्यासाठी काही डोंगर नव्हता, तरी वर पोचेपर्यंत तिला धाप लागली. दार फेब्रोनियानं उघडलं. डोळे सुजलेले होते. वदाद आत गेली नाही आणि तिनं नमस्कार-चमत्कारही केला नाही.

“कितवा?” तिनं विचारलं.

फेब्रोनियानं दाराची चौकट धरली. मग म्हणाली, “पाचवा लागलाय. याआधी दोनदा गेलं, जाऊबाई. दोन्ही वेळा मी सगळ्यांना सांगितलं होतं. या वेळी डॉक्टर म्हणाले नीट खा, अबूना म्हणाले खा, म्हणून खाते. गत्तास, अबूना आणि डॉक्टर, एवढ्यांनाच ठाऊक आहे. सण होईपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही, असा मी नवस केलाय.”

“मला तरी सांगायचंस. एका घरात राहतो.”

फेब्रोनियानं मान खाली घातली. “खरं सांगू? तुमच्यापासूनच जास्त लपवलं. तुमची नजर... तुम्ही माझ्याकडे बघता ना, तेव्हा मला भीती वाटते.”

थोबाडीत बसल्यासारखं झालं. आणि ते खोटंही नव्हतं; कारण त्याही क्षणी, ते सुजलेले डोळे बघत असतानाही, वदादच्या मनात येऊन गेलं होतं की आता या घरात पाळणा हलेल आणि आपली नातवंडं कुवेतला फोनमधून हात हलवतील. नजर तिथेच होती. तिनं डोळे दुसरीकडे वळवले.

“बरोबर केलंस,” ती म्हणाली. “उद्या ये मात्र. वाचायला.”

“त्या बायकांसमोर? नाही. आणि तुम्ही माझी बाजू घ्यायला जाल आणि कारण सांगून बसाल. नका, तुमच्या पाया पडते.”

“कुणाला काही कळणार नाही. ये म्हणते ना. थोरली आहे मी.”

बुधवारी खोली भरलेली होती. चहाडीनंतरची बैठक कुणी चुकवत नसतं. वदाद खुर्चीत बसली, हातांवर हात ठेवले. लाकूड तिच्या तळव्यांना ओळखीचं लागलं. पुस्तक उघडावं आणि एका सुरात सुरू करावं, असं तिला फार वाटलं. दारात फेब्रोनिया येऊन उभी राहिली, आत यावं की नाही अशी. बायकांनी माना वळवल्या आणि कुणीही सरकून जागा दिली नाही.

“वाचायच्या आधी एक सांगायचंय,” वदाद म्हणाली. “ते दूध माझं होतं.”

“कुठलं दूध?” उम्म फानूसनं विचारलं.

“हमीदाचं. मीच तिला वर द्यायला सांगितलं होतं, म्हणजे माझ्या दारात कुणाला किटली दिसू नये. या बिचारीनं माझी लाज राखली. मग मला वाटलं, ही बोलेल कुठेतरी. म्हणून आधी मीच तिच्यावर ढकललं.”

फेब्रोनियानं तोंडावर हात ठेवला.

“आणि अंडी?”

“अंडीपण माझीच.”

“उम्म अय्याद!” म्हातारी ओरडली. “इतकं दूध-अंडं खाऊनही आवाज हा असा?”

कुणी हसलं, पण ते हसू लगेच आटलं. “आणि आम्हाला मन झाडायला सांगत होती,” मागून कुणीतरी म्हणालं. “इतकी वर्षं.” ते बोलणं अंगणातल्या चिखलासारखं येऊन लागलं. वदाद उठली. खोटं बोलल्याची कबुली पुढे अबूनांकडे द्यावी लागणारच होती, पण ते पुढचं पुढे. तिनं पुस्तक फेब्रोनियाच्या हातात ठेवलं आणि तिला खुर्चीकडे नेलं. मग ती चटईवर बसायला गेली, तेव्हा शेजारच्या दोघींनी आपापले झगे आवरून घेतले.

फेब्रोनिया वाचू लागली. मरीया उठली, लगबगीनं डोंगराकडे निघाली. आवाज सुरुवातीला कापत होता, मग स्थिरावला. आणि अलीशिबेच्या पोटात बाळानं उसळी घेतली, तिथे तो एकदम थांबला. फेब्रोनियाचा हात पुस्तकावरून खाली घसरून झग्याच्या घड्यांत गेला, तिचे डोळे भरले आणि तिनं थेट वदादकडे पाहिलं. बायका हुंदके देऊ लागल्या. काय वाचते, काय वाचते, असं त्या एकमेकींना म्हणत होत्या. ते वाचन नव्हतं, हे त्या खोलीत फक्त वदादला ठाऊक होतं.

उम्म फानूस नाक पुसत तिच्याकडे झुकली. “बघ. असं वाचायचं असतं. तू आपली नुसती वाचत होतीस.”

“हो,” वदाद म्हणाली. आणि तिला ते लागलं. पहिल्या बुधवारी लागलं होतं तेवढंच, कणभरही कमी नाही.

गुरुवारी सकाळी हमीदा किटली घेऊन आली, तेव्हा वदाद रस्त्याकडच्या दारात उभी होती. समोर दोघीतिघी पाणी भरत होत्या, उम्म फानूसही आपल्या उंबऱ्यावर बसलेली होती.

“इकडे दे,” वदाद मोठ्यानं म्हणाली.

“इकडे?” हमीदानं वर खिडकीकडे पाहिलं, मग वदादकडे. तिला स्वतःला सहा मुलं होती, त्यामुळे अशा गोष्टी तिला फार सांगाव्या लागत नसत. तिनं किटली पुढे केली. “बरं. रोज इकडेच?”

“रोज. सण होईपर्यंत.”

समोरच्या बायकांनी घागरी तशाच ठेवल्या आणि बघत राहिल्या. उम्म फानूसनं रस्त्यावर थुंकून तोंड फिरवलं. वदादनं सगळ्यांच्या देखत झाकण काढून पाहिलं, दूध भरपूर होतं की नाही ते. मग दार लावून घेतलं, किटली दोन्ही हातांत धरली आणि सांडू नये म्हणून हळूहळू जिना चढू लागली.